दोरीवरचे लंगोट आणि सव्वा महिना

सोलापुरात ज्या घरात नवं बाळ आलं आहे, ते घर ओळखायला दारावर पाटी लागत नाही. गच्चीवर, गॅलरीत, नाहीतर दारासमोरच्या दोन खांबांना बांधलेल्या दोरीकडे बघायचं. जुन्या धोतराचे, आजीच्या मऊ पडलेल्या लुगड्याचे चौकोनी तुकडे ओळीनं वाळत असले की समजावं, आत बाळंतीण आहे. चादरी आणि टॉवेल विणणाऱ्या या गावात नव्या माणसाचं स्वागत कापडानंच होतं, आणि घरातली पहिली अडचणही कापडाचीच असते.

हिशेब सोपा आहे. पहिल्या महिन्यात बाळ दिवसाला दहा-बारा लंगोट ओले करतं. दुपटी आणि झबली वेगळीच. सोलापूरचं पाणी शंभरेक किलोमीटरवरच्या उजनी धरणातून येतं, आणि शहरातल्या कितीतरी वस्त्यांत नळ वर्षानुवर्षं चार-पाच दिवसांआड सुटत आला आहे. म्हणजे एका पाण्यापासून पुढच्या पाण्यापर्यंत चाळीस-पन्नास लंगोट, तेही पिंपात साठवलेल्या पाण्यातून धुवायचे. दुकानातला डायपर प्रवासाला आणि रात्रीला ठीक. पण एप्रिल-मेच्या घामात तो दिवसभर बांधून ठेवला तर दुसऱ्याच दिवशी मांड्या लाल होतात, आणि महिन्याचा खर्च बघून घरातले लालेलाल होतात. म्हणून सुती लंगोट टिकून आहे, आणि त्याबरोबर तो धुणारे हातही. हे हात कुणाचे, या प्रश्नाशी आपण शेवटी येऊ. आधी ही दोरी काय काय सांगते ते बघू.

दोरी वाचायची कशी

पहिलटकरणीला सगळ्यात जास्त छळणारी शंका एकच: दूध पुरतंय का? बाळ रडलं की शेजारीण म्हणते, "दूध कमी पडतंय वाटतं." बाळ झोपलं की आत्या म्हणते, "फार झोपतंय, अंगात ताकद नाही." आणि छातीतून किती दूध गेलं हे दाखवणारी खूण तर कुठे नसते. बाटलीवर रेघा असतात, म्हणून घाबरलेलं घर बाटलीकडे वळतं.

मोजमाप दोरीवर असतं. जन्माच्या पहिल्या दोन दिवसांत बाळ एक-दोनदाच लघवी करतं, कारण तेव्हा त्याला मिळतो तो चीक. घट्ट, पिवळसर, एका वेळी जेमतेम चमचाभर. त्याचं पोटही तेवढंच असतं. चीक म्हणजे बाळाची पहिली लसच. त्यात रोगाशी लढणारी प्रतिद्रव्यं ठासून भरलेली असतात. तो "जड" म्हणून पिळून टाकायची रीत काही घरांत होती. ती सुटली ते उत्तम झालं. तिसऱ्या-चौथ्या दिवशी दूध भरून येतं, आणि पाचव्या दिवसापासून बाळानं चोवीस तासांत निदान ६ लंगोट फिकट लघवीनं भिजवले तर दूध पुरतंय. शीचा रंगही बोलतो. सुरुवातीची काळी, डांबरासारखी चिकट शी चौथ्या-पाचव्या दिवसापर्यंत पिवळी झाली पाहिजे. वजन पहिल्या काही दिवसांत थोडं उतरतं, त्याला घाबरू नये. दोन आठवड्यांत ते जन्माच्या वजनापाशी परत आलं, आणि पुढे रोज साधारण २५ ते ३० ग्रॅम वाढत राहिलं की आईनं निर्धास्त व्हावं.

लेक असेल तर लंगोटात आणखी एक गोष्ट दिसू शकते, आणि आधी सांगितलेली नसेल तर घर हादरतं. पहिल्या आठवड्यात मुलीच्या लंगोटाला पांढरा चिकट स्राव, क्वचित रक्ताचा ठिपका लागतो. पोटात असताना आईची संप्रेरकं बाळाच्या अंगात असतात. नाळ कापल्यावर ती एकदम ओसरतात, त्याची ही खूण. काही दिवसांत आपोआप थांबते. याच कारणानं बाळाची छाती थोडी सुजलेली दिसते. ती पिळायची नसते. पिळल्यानं गळू होतं. मुलीला पुसताना हात नेहमी पुढून मागे न्यायचा, म्हणजे शीमधले जंतू लघवीच्या जागी जात नाहीत. इतकं साधं, पण दिवसातून दहा वेळा करायचं म्हणून महत्त्वाचं.

ऊन चव्वेचाळीस, तरी पाणी नको

मार्च संपला की सोलापूरचा पारा चाळिशी ओलांडतो, मेमध्ये ४४ अंशांच्या आसपास जातो. पत्र्याच्या खोलीत दुपारी भिंतीला हात लावला तर चटका बसतो. अशा वेळी महिन्याभराच्या बाळाला वाटीचमच्यानं दोन घोट पाणी पाजावंसं वाटणं ही माया आहे. पण चूक आहे.

आईच्या दुधात सुमारे ८७ टक्के पाणीच असतं. जेवण आणि पाणी एकाच भांड्यात, तेही शरीराच्या तापमानाचं आणि जंतूंविना. वरून पाणी पाजलं की इवलं पोट भरतं, बाळ कमी दूध ओढतं, आणि जितकं कमी ओढतं तितकं आईचं दूधही कमी तयार होतं. त्यात चार दिवस पिंपात साठलेलं पाणी असेल तर जुलाब ठरलेले. शिवाय एवढ्या लहान बाळाची मूत्रपिंडं जास्तीचं पाणी झटपट बाहेर टाकू शकत नाहीत. रक्तातलं मीठ पातळ होतं आणि झटकेसुद्धा येऊ शकतात. म्हणून जागतिक आरोग्य संघटनेपासून अंगणवाडीताईपर्यंत सगळे एकच सांगतात: सहा महिने फक्त आईचं दूध. उन्हाळ्यात बाळ जास्त वेळा छातीशी येईल, येऊ द्यावं. पाणी प्यायचं ते आईनं, दर पाजण्याआधी तांब्याभर.

कुंचीचंही तसंच. थंडीत टोपडं-कुंची हवीच, कारण बाळाच्या डोक्यातून उष्णता झपाट्यानं जाते. पण मेमध्ये कान बांधून, दुपट्यात गुंडाळून ठेवलेलं बाळ तापतं, आणि घर समजतं की ताप आला. एक पातळ झबलं आणि लंगोट पुरे. पंखा लावावा, कूलरचा झोत थेट अंगावर नको. बाळाच्या मानेवर मागून हात ठेवून बघावा. घाम असेल तर कपडे जास्त झाले.

बाळ दुपट्यात बांधायच्या पद्धतीला आपल्याकडे गोपा म्हणतात. हात आत घेऊन बांधलं की बाळ दचकत नाही, शांत झोपतं. हे खरंच आहे. पण पाय सरळ ओढून, जोडून घट्ट बांधणं धोक्याचं. जन्मतः खुब्याचा सांधा सैल असण्याचा दोष मुलींमध्ये मुलांपेक्षा कित्येक पट जास्त दिसतो, आणि पाय सरळ बांधल्यानं तो बळावतो. गोपा कमरेखाली सैल ठेवावा, गुडघे बेडकासारखे वाकले पाहिजेत. पुढे मान धरल्यावर बाळाला मांड्या फाकवून कडेवर बसवायची आपली रीत मात्र या सांध्याला फार मानवते.

ताटातलं खरं आणि मानीव

बाळंतिणीच्या ताटावर मराठी घरात जितकं मतदान होतं तितकं निवडणुकीतही होत नाही. वांगं नको, भात नको, हरभरा नको, थंड नको, आंबट नको. शेवटी ताटात उरतं ते शेपू, मुगाचं वरण आणि भाकरी.

पोषणशास्त्र काय म्हणतं? पहिले सहा महिने पाजणाऱ्या आईला रोज नेहमीपेक्षा सुमारे ६०० उष्मांक जास्त लागतात. म्हणजे जवळजवळ एक जेवण वाढवायचं. या काळात शरीर दिवसाला पाऊण लिटर दूध करत असतं. तेव्हा पथ्य म्हणून खाणं कमी करणं हा उलटा व्यवहार झाला. अळिवाची खीर, डिंकाचे लाडू, बाळंतशेपा-ओव्याची सुपारी यांत दूध वाढवणारं काही जादूचं आहे असं ठाम म्हणण्याइतका पुरावा नाही. पण लाडवात तूप, गूळ, खोबरं, खारीक असतं. म्हणजे कमी घासांत भरपूर ताकद. अळिवात लोह भरपूर असतं, त्याच्याबरोबर लिंबू किंवा आवळा असला की ते अंगी लागतं. बाळंतपणात रक्त गेलेलं असतं, त्याची भरपाई इथे होते. आणि सगळ्यात मोठी गोष्ट: लाडू एका हातानं खाता येतो. दुसऱ्या हातात बाळ असतं.

सोलापूरकडे तर खायला लांब जायलाच नको. मंगळवेढ्याच्या मालदांडी ज्वारीची भाकरी, वर तूप, बरोबर पालेभाजी आणि डाळ. हे कोणत्याही महागड्या पावडरीच्या डब्याला भारी आहे. शेंगाची चटणी तिखट म्हणून महिनाभर बंद करतात. शेंगदाण्यातली प्रथिनं आईला हवीच असतात, तिखट कमी करून द्यावी. आईच्या ताटातले वास दुधातून बाळापर्यंत पोचतात, त्यामुळे बाळाला पुढच्या चवींची ओळखही होते. एखादा पदार्थ खाल्ल्यावर बाळाला दर वेळी त्रास झाला तर तो सोडावा. आधीच सगळे सोडून उपाशी राहू नये.

दूध वाढवायचा खात्रीचा उपाय ताटाबाहेर आहे. बाळ ओढतं, त्या स्पर्शानं मेंदूतून प्रोलॅक्टिन स्रवतं आणि दूध तयार होतं. ऑक्सिटोसिन स्रवतं आणि दूध उतरतं. जितकं ओढणं तितकं तयार होणं. प्रोलॅक्टिन रात्री जास्त असतं, म्हणून रात्रीचं पाजणं टाळू नये. आणि ऑक्सिटोसिन भीतीनं, दुखण्यानं, टोमण्यानं अडतं. "हिला दूधच नाही" असं दारात उभं राहून म्हणणारी बाई खरोखरच दूध अडवत असते.

तेल, धुरी, गुटी

सकाळी दहाच्या सुमारास मालीशवाली मावशी येते. पाय लांब करून, साडी गुडघ्यापर्यंत घेऊन बाळाला पायांवर घालते आणि पुढचा अर्धा तास घरात तिचं राज्य. हे मालीश बाळाला मानवतं. स्पर्शानं ते शांत होतं, चांगलं झोपतं. खोबरेल किंवा साधं करडईचं तेल चालतं. पण नाकाकानात तेल सोडणं, बेंबीत थेंब घालणं, टाळूवर दाबून तेल जिरवणं, नाक चिमटीत धरून "सरळ" करणं हे सगळं बंद व्हायला हवं. नाकातलं तेल श्वासाबरोबर फुप्फुसात उतरतं. नाळेचा देठ कोरडाच ठेवावा, आठवड्या-दोन आठवड्यांत तो आपोआप गळतो.

आंघोळीनंतर धुरी. निखाऱ्यावर ओवा, वेखंड, धूप. वास प्रसन्न, पण दारंखिडक्या लावलेल्या खोलीत धूर आणि कोळशाचा विषारी वायू दोन्ही कोंडतात, आणि बाळाची फुप्फुसं काही दिवसांचीच असतात. पूर्वी बाजेखाली शेगडी ठेवत ती ओलसर घरात, थंडीत, घोंगडीवर झोपणाऱ्या बाईला ऊब मिळावी म्हणून. चाळीस अंशांत तिचं कारणच उरत नाही. काजळही तसंच, बाजारच्या काजळात शिसं सापडलेलं आहे. दृष्ट लागू नये म्हणून तीट लावायचीच असेल तर तळपायाला लावावी; डोळ्यांत बोट घालू नये.

गुटीचं प्रकरण जरा जुनं आहे. सहाणेवर हिरडा, जायफळ, मुरडशेंग, हळकुंड उगाळायची आणि बोटावर चाटवायची. त्यात मध घातला तर वर्षाखालच्या बाळाला क्वचित पण जीवघेणी विषबाधा होऊ शकते, कारण मधातले काही जंतू त्या वयाच्या आतड्यात वाढतात. आणि जायफळानं बाळ "छान झोपतं" ते का, याचा विचार करावा. झोपवण्याच्या या लोभाचा इतिहास कडू आहे. १९२० च्या दशकात मुंबईच्या गिरणी कामगार बायकांच्या पाहण्यांत पुन्हा पुन्हा नोंद झाली की कामावर जाताना त्या तान्ह्याला अफूची बाळागोळी चारत. त्या निर्दय नव्हत्या. दहा तासांची पाळी होती आणि घरी बाळाजवळ कुणी नव्हतं. हात कमी पडले की माणूस औषध शोधतं.

रात्र, आणि तीन भाषांतला जो जो

नवजात बाळ दिवसात सोळाएक तास झोपतं, तरी आई झोपेला पारखी होते, कारण ते तास दोन-तीन तासांच्या तुकड्यांत येतात. दिवस आणि रात्र यांतला फरक बाळाच्या मेंदूतलं घड्याळ दोन-तीन महिन्यांनी शिकतं. त्याला मदत करायची तर दिवसा खिडकी उघडी, घरात रोजचे आवाज. रात्री दिवा मंद, बोलणं कमी. बाळंतिणीची खोली दिवसाही काळोखी ठेवायच्या रिवाजामुळे हे शिक्षण लांबतं.

आवाजाला बाळ घाबरेल ही भीतीही सोलापुरात जरा बाजूला ठेवावी. पूर्व भागात यंत्रमागाच्या खटखटीत साडीच्या झोळीत गाढ झोपलेली बाळं पिढ्यान्‌पिढ्या वाढली आहेत. पोटात असताना शेवटच्या काही महिन्यांत बाळ ऐकत असतं. जन्मल्यावर आईचा आवाज ओळखतं, हे १९८० सालच्या एका प्रसिद्ध प्रयोगात दिसलं. आणि सोलापूरच्या लेकीच्या कानावर तरी किती भाषा! घरात मराठी, शेजारच्या अव्वाची कन्नड, समोरच्या अम्माची तेलुगू, गल्लीच्या तोंडाशी दखनी. मराठी, कन्नड, तेलुगू, तिन्हींत पाळणा हलवताना "जो जो" म्हणतात, आणि "बाळ" या शब्दातला ळ तिन्हींच्या वर्णमालेत आहे.

याचं महत्त्व १९८४ साली कॅनडातल्या जॅनेट वर्कर आणि रिचर्ड टीस यांच्या प्रयोगानं दाखवलं. इंग्रजी बोलणाऱ्या घरातल्या सहा-आठ महिन्यांच्या बाळांना हिंदीतल्या "त" आणि "ट" मधला फरक कळत होता, जो त्यांच्या आईबापांना कळत नव्हता. वर्षाची होता होता मात्र त्यांची ही शक्ती गेली, कारण ते ध्वनी कानावर पडत नव्हते. म्हणजे बाळ जन्मतः जगातल्या सगळ्या भाषांसाठी तयार असतं आणि जे ऐकेल ते ठेवतं. तेव्हा लंगोट बदलताना तिच्याशी बोलावं, कोणत्याही भाषेत. मोबाइलमधलं गाणं या कामाला चालत नाही. बाळाला उत्तर देणारा चेहरा लागतो.

सहावा आठवडा

आता सव्वा महिन्याकडे येऊ. पाचव्या रात्री सटवाई येते आणि कपाळावर नशीब लिहिते, म्हणून पाट्यावर कोरा कागद आणि लेखणी ठेवतात. बाराव्या दिवशी बारसं. मग चाळीस दिवस बाळंतीण "बाजेवर". विटाळाचा भाग सोडला तर या रिवाजाच्या पोटात शहाणपण होतं: बाईला स्वयंपाक नाही, पाणी भरणं नाही, आणि ती माहेरी, स्वतःच्या आईजवळ. गर्भाशय पूर्ववत व्हायला सहा आठवडेच लागतात.

गंमत अशी, की आजच्या घरात मदत नेमकी सव्वा महिन्यानं संपते. पूर्वी लेक तीन महिने, कधी पाच महिने माहेरी राहायची. आता चाळिसाव्या दिवशी आईची रजा संपते, मालीशवाली बंद होते, नवरा न्यायला येतो. आणि विज्ञान सांगतं की बाळाचं रडणं जन्मापासून वाढत जातं आणि बरोबर सहाव्या आठवड्याच्या सुमारास शिखराला पोचतं. संध्याकाळी तास-तास, कारणाशिवाय. तिसऱ्या-चौथ्या महिन्यात ते ओसरतं. म्हणजे ज्या आठवड्यात बाळ सगळ्यात जास्त रडतं, त्याच आठवड्यात आई सगळ्यात एकटी पडते. पेंटाव्हॅलंट लशीचा पहिला डोसही याच सहाव्या आठवड्यात. त्या रात्री ताप. कान टोचायचे तेही या लशीनंतर टोचावेत, तिच्यात धनुर्वाताचा भाग असतो. दिलासा एवढाच, की बाळ आईकडे बघून पहिल्यांदा खरं हसतं तेही याच आठवड्यात.

बाळंतपणानंतर तिसऱ्या ते पाचव्या दिवशी कारण नसताना रडू येणं अनेक जणींना होतं आणि दोन आठवड्यांत जातं. ते गेलं नाही, झोपायला वेळ मिळूनही झोप येईना, बाळाकडे बघावंसं वाटेना, तर ते नैराश्य आहे. आळस नव्हे, नखरा नव्हे, बाहेरची बाधाही नव्हे. डॉ. विक्रम पटेल आणि सहकाऱ्यांनी गोव्यात केलेला अभ्यास २००२ साली प्रसिद्ध झाला. बाळंतपणानंतर सहा ते आठ आठवड्यांनी पाहिलेल्या आयांपैकी २३ टक्के, म्हणजे चौघींमागे जवळपास एक, नैराश्यात होती. गरिबी आणि नवऱ्याशी बिघडलेले संबंध ही मोठी कारणं. आणि बाळ मुलगी असेल तर मारहाण आणि उपासमार यांचे घाव अधिक खोल जात होते. मुलीनं आईला आजारी केलं नाही. मुलीच्या येण्यावर घराचं जे तोंड उतरलं त्यानं केलं. २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्रात सहा वर्षांपर्यंतच्या हजार मुलांमागे ८९४ मुली होत्या, आणि त्याच वर्षी साताऱ्यात "नकुशा" नावाच्या अडीचशेहून जास्त मुलींना नवी नावं द्यावी लागली होती. या पार्श्वभूमीवर बारशाला "पहिली बेटी, धनाची पेटी" असं समजूत काढल्यासारखं म्हणणंही आईला टोचतं. अशा नैराश्यात मदत हवी असेल तर टेलिमानस या सरकारी सेवेचा १४४१६ हा क्रमांक चोवीस तास, विनाशुल्क आहे. मराठीत बोलता येतं.

जिला माहेर नाही, जिला सुट्टी नाही

बाळंतिणीला हात मिळावेत ही जबाबदारी घराबाहेरही कुणाची तरी आहे, हा विचार या मातीत जुना आहे. १८६३ साली जोतीराव आणि सावित्रीबाई फुल्यांनी पुण्यात विधवांच्या बाळंतपणासाठी घर उघडलं. १८७५ साली सोलापूर जिल्ह्यातल्याच पंढरपुरात लालशंकर उमियाशंकर या न्यायाधीशांच्या पुढाकारानं बालहत्या प्रतिबंधक गृह उभं राहिलं. वारीच्या गावात जिवावर उदार होऊन आलेल्या बायकांना तिथे बाजेची जागा मिळाली. पुढे १९२८ साली मुंबईच्या विधिमंडळात कामगार स्त्रियांच्या प्रसूतीलाभाच्या विधेयकाला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी पाठिंबा दिला, आणि १९२९ साली मुंबई इलाख्यात देशातला असा पहिला कायदा झाला. सोलापूर तेव्हा गिरण्यांचं गाव होतं.

आज कायद्यानं पहिल्या दोन बाळंतपणांना २६ आठवड्यांची पगारी रजा आहे, आणि ५० किंवा जास्त माणसं असलेल्या आस्थापनेत पाळणाघर सक्तीचं आहे. बँकेतल्या, शाळेतल्या आईला ही रजा मिळते. पण सोलापुरातल्या हजारो आया घरी बसून बिड्या वळतात. मांडीवर सूप, सुपात तंबाखू आणि तेंदूची पानं, शेजारी झोळी. मजुरी हजार बिड्यांवर. बिड्या नाहीत तर पैसे नाहीत, मग रजा कसली? सोलापूरजवळच्या कुंभारीला बिडी कामगार स्त्रियांसाठी कम्युनिस्ट नेत्या गोदूताई परुळेकरांच्या नावानं दहा हजार घरांची वसाहत झाली, २००६ साली ती ताब्यात मिळाली. डोक्यावर छप्पर आलं. पण तंबाखूची धूळ घरातच राहिली. निकोटिन त्वचेतून अंगात जातं आणि दुधात उतरतं. निदान एवढं तरी: सूप बाळाच्या खोलीत नको, पाजण्याआधी साबणानं हात धुवावेत आणि वरची साडी बदलावी.

घरापर्यंत चालत येणारे एक हात मात्र आता गरिबाच्याही दारात येतात. दवाखान्यात बाळंतपण झालं असेल तर आशाताई तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी घरी येते. ही कल्पना महाराष्ट्रातलीच. डॉ. अभय आणि राणी बंग यांनी गडचिरोलीच्या गावांत साध्या शिकलेल्या बायकांना बाळ तोलायला, श्वास मोजायला, जंतुसंसर्ग ओळखायला शिकवलं. १९९९ साली लॅन्सेटमध्ये आलेल्या त्यांच्या निबंधानुसार नवजात मृत्यू ६२ टक्क्यांनी घटले. आशाताई जे पाहते ते प्रत्येक घरानं पाठ करावं: बाळ दूध ओढेना, मिनिटाला ६० पेक्षा जास्त श्वास, छाती आत ओढली जाते, अंग तापलेलं किंवा गार पडलेलं, हालचाल मंदावली, झटके आले, तर घरगुती उपाय न करता थेट दवाखाना.

कागदपत्रांचंही थोडं. जन्माची नोंद २१ दिवसांत करावी. पिवळ्या आणि केशरी शिधापत्रिकेच्या घरात १ एप्रिल २०२३ नंतर जन्मलेल्या मुलीला लेक लाडकी योजनेतून जन्माला ५,००० रुपयांपासून अठराव्या वर्षी ७५,००० पर्यंत, एकूण १,०१,००० रुपये टप्प्याटप्प्यानं मिळतात. मातृवंदना योजनेत दुसऱ्या बाळंतपणाला ६,००० रुपये मिळतात, ते फक्त मुलगी झाली तरच. आणि १ मे २०२४ पासून जन्मलेल्या प्रत्येक बाळाच्या नावात महाराष्ट्रात आधी आईचं नाव लागतं, मग वडिलांचं.

आईचं नाव कागदावर चढलं, चांगलं झालं. आता दोरीकडे वळू. बाळ बघायला जाताना आपण झबलं नेतो, घरात बसतो, चहा घेतो, बाळ कुणासारखं दिसतं यावर मत देतो आणि निघतो. चहा मात्र तिनंच उठून केलेला असतो. यापुढे जाल तेव्हा बारशाच्या गर्दीत जाऊ नका, सहाव्या आठवड्यात जा. झबल्याऐवजी भाकरी-भाजीचा डबा न्या. तासभर लेकीला खांद्यावर घ्या आणि तिच्या आईला झोपू द्या. आणि सोलापुरात असाल तर नळाला पाणी येईल त्या दिवशी जा. चाळीस लंगोट पडलेले असतात.